वहीतली आडवी रेघ

अण्णांनी १ जानेवारी १९८८ रोजी कोथरूडच्या आमच्या घराच्या गच्चीवर फायबरचा पर्जन्यमापक बसवला आणि त्या दिवसापासून ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजले. वर्षाला एक याप्रमाणे सव्वीस वह्या झाल्या. पाटबंधारे खात्यात हयात गेलेल्या माणसाने आखलेली वही जशी असावी तशीच प्रत्येक वही आहे: डाव्या हाताला तारीख, मध्ये मिलिमीटर, उजवीकडे शेरा, आणि पानाच्या तळाशी महिन्याची बेरीज, तिच्याखाली दोन रेघा. शेऱ्याचा रकाना बहुतेक वेळा कोरा असतो. कधी ‘वारा’, कधी ‘गारा, हरभऱ्याएवढ्या’, एकदा ‘मोजपात्र फुटले, नवे आणले’.

या वह्या संगणकात उतरवून ठेवायच्या आणि हव्या तेव्हा, हव्या त्या यंत्रावर, जशाच्या तशा उघडायच्या, एवढे साधे काम मी २००२ साली हाती घेतले. ते मनासारखे झाले ते गेल्या वर्षी. मधल्या काळात माझा पोटापाण्याचा उद्योगही तोच झाला. पाणलोटांचे हिशेब मांडणाऱ्या एका लहानशा कार्यालयात मी दिवसभर पावसाच्या आणि विहिरींच्या पातळीच्या फायली उघडते, तपासते आणि पुन्हा ठेवून देते. तेव्हा कामाची सवय नव्हती म्हणून वेळ लागला, असे म्हणायला मला तोंड नाही. वेळ लागला तो मधल्या रकान्यामुळे.

मिलिमीटरचा रकाना म्हणजे तिथे आकडेच असणार, असे कोणालाही वाटेल. आकडे आहेतच, पण जिथे आकडा लिहिता आला नाही किंवा लिहायचे कारण नव्हते, तिथे अण्णांनी एकच खूण वापरलेली नाही. पाहिले आणि पात्र कोरडे होते, तर ‘०’. तळ ओला होता, पण मोजपात्रावरची पहिली खूणही गाठता येऊ नये इतके थोडे पाणी होते, तर ‘थेंब’. हवामान खात्याच्या नोंदींतही ०.१ मिलिमीटरच्या आतला पाऊस असाच, आकडा न देता, निराळ्या खुणेने लिहितात. अण्णा एक-दोन दिवस बाहेरगावी जाऊन आले आणि साचलेले पाणी एकदम मोजले, तर परतलेल्या दिवसापुढे एकूण आकडा आणि त्या साऱ्या तारखांना कवेत घेणारा एक महिरपी कंस. त्याहून अधिक दिवस गेले, तर साचलेल्या पाण्यावर त्यांचा विश्वास नसे, कारण तोवर थोडे उन्हाने उडालेले असते किंवा पात्र भरून वाहिलेले असते. मग ते पाणी कुंडीत ओतून देत आणि त्या सगळ्या दिवसांपुढे आडवी रेघ मारीत. वही वाचणाऱ्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र रकान्याचा एकच प्रकार ठरवून द्यावा लागतो, आणि तो ठरवताना या चार खुणांपैकी कोणती तरी मरते, हे मला पुढे वीस-बावीस वर्षे हप्त्याहप्त्याने कळत गेले.

२००२ चा पहिला प्रयत्न थोडक्यात सांगते, कारण त्यातले फारसे काही उरलेलेच नाही. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून आणलेल्या मराठी फाँटमध्ये मी पहिल्या चार वह्या, शेऱ्यांसकट, टंकलिहिल्या आणि दोन फ्लॉपींवर ठेवल्या. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत ‘क’ म्हणून फाईलमध्ये जे उतरत असे ते खरे तर एखाद्या रोमन अक्षराचे किंवा चिन्हाचे स्थान असे. फाँट फक्त त्या जागी ‘क’चे चित्र काढून दाखवी. यंत्र बदलले, फाँट हरवला, आणि फाईल उघडली की पानभर कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे. गंमत म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे प्रमाण आणि जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ सालची आहेत. म्हणजे मी टंकायला बसले तेव्हा योग्य मार्ग आखून अकरा वर्षे झाली होती; माझ्या टेबलापर्यंत तो पोहोचला नव्हता इतकेच.

दुसऱ्यांदा बसले ते २०११ च्या उन्हाळ्यात, आणि या वेळी एक्सेल उघडले. अण्णा समोर बसून वाचत आणि मी टंकत असे. ‘पाच सहा एक्याण्णव, अकरा पूर्णांक दोन.’ त्यांचा ‘पाच सहा’ म्हणजे ५ जून. माझ्या यंत्राची मांडणी अमेरिकी होती, त्यामुळे त्याच्या लेखी ते ६ मे. दिवसाचा आकडा बारापर्यंत असेल तर एक्सेल त्याला निमूटपणे महिना समजे, आणि तेरापासून पुढे असेल तर असा महिना नसतो म्हणून ती नोंद तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवून देई. परिणाम असा झाला की प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरले. ५ मे, ६ जून, ७ जुलै असे जुळे दिवस तेवढे आपापल्या जागी राहिले. ध्यानात आले ते आलेख काढल्यावर, कारण त्यात ७ जानेवारीला पुण्यात ४१ मिलिमीटर पाऊस पडलेला दिसत होता. तो १ जुलैचा होता. लक्ष देऊन पाहिले असते तर आधीच दिसले असते: खऱ्या तारखा चौकटीत उजवीकडे सरकून बसतात आणि मजकूर समजलेल्या तारखा डावीकडे. पहिले बारा उजवीकडे, पुढचे डावीकडे, असे प्रत्येक महिन्यात. डोळ्यांसमोर होते, आणि मी ते दिसण्याचा दोष समजून सगळे मध्यभागी घेतले होते!

अण्णांनी हे ऐकून मोडी कागदांची आठवण काढली. निवृत्तीनंतर ते हौसेने मोडी शिकले होते. पेशवे दफ्तरातल्या रुमालांमधल्या, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांमधल्या, कागदांवर जी वर्षे येतात ती शुहूर सनाची, तीही आकड्यांत न देता अरबी संख्याशब्दांत, आणि हे साल बदलते मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी. इसवी सन काढायचे तर मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई झाली तेव्हा शुहूर सन ११६१ होता. ‘साल कुठे बदलते हे कागदावर लिहिलेले नसते, ते वाचणाऱ्याने यायच्या आधी शिकून यायचे असते,’ असे ते म्हणाले, आणि पुढची तारीख वाचू लागले. त्या दिवसापासून मी तारीख चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस अशीच लिहिते. दिसायला ती परकी दिसते, पण तिचे दोन अर्थ होत नाहीत, आणि नुसत्या मजकुराप्रमाणे क्रम लावला तरी दिवसांचा क्रम बरोबर लागतो.

तारखा नीट झाल्यावर फाईल सीएसव्ही म्हणून ठेवली. स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींची ही फाईल म्हणजे सगळ्या फायलींमधली सर्वांत गरीब आणि म्हणूनच सर्वांत टिकाऊ. दशकानुदशके चलनात राहिल्यावर २००५ साली कोणी तरी तिचे नियम मोजक्या पानांत लिहून काढले, आणि तेही सगळे पाळतात असे नाही. तिच्यात आकडा, मजकूर, तारीख असा भेद नसतो. जे काही आहे ते अक्षरे, आणि त्यांचा अर्थ उघडणारा लावील तो. पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० असा लिहून ठेवा आणि एक्सेलमध्ये उघडा. तो २० होऊन येतो, कारण आकड्याच्या पुढच्या शून्याला किंमत नसते, हे आपल्याला शाळेतच शिकवले आहे. कोथरूडचा पिनकोड ४११०३८; त्याच रकान्यात एखादी जागा कोरी असेल आणि फाईल पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या पांडाज या संचातून उघडली, तर तो ४११०३८.० होतो. कारण असे, की तिथे ‘माहिती नाही’ हे सांगणारी खूण परंपरेने दशांश संख्यांच्या कुळातली आहे, आणि तिला रकान्यात जागा द्यायची तर शेजारच्या पूर्णांकांना दशांश व्हावे लागते. एका कोऱ्या जागेसाठी सगळ्या रकान्याने वेश बदलायचा.

माझ्या मधल्या रकान्यात आडव्या रेघा होत्या आणि ‘थेंब’ही होते. पांडाजने तो उघडला, त्यातली पहिली रेघ पाहिली आणि रकाना आकड्यांचा नाहीच असा निष्कर्ष काढून सगळ्याचा मजकूर करून टाकला. मी बेरीज मागितली. आकड्यांची बेरीज होते, मजकुराची होते ती जोडाजोडी. त्यामुळे उत्तर म्हणून १९८८ पासूनचे सगळे आकडे, रेघा आणि थेंब एकापुढे एक चिकटून पडदाभर उमटले. त्यावर उपाय म्हणून मी हवामान खात्याची रीत उचलली आणि जिथे रेघ तिथे उणे ९९९ घातले. पाऊस उणे असूच शकत नाही, त्यामुळे हा आकडा कोणाच्याही नजरेत भरेल, असा त्यामागचा विचार आहे. नजरेत भरतो, पण माणसाच्या. बेरीज करणाऱ्या आज्ञेला नजर नसते. जानेवारी १९९५ मध्ये अण्णा चार दिवस बाहेरगावी होते आणि बाकीचा महिना कोरडा गेला होता. यंत्राने त्या महिन्याचा पाऊस दिला तो उणे ३,९९६ मिलिमीटर. अण्णांनी चष्मा कपाळावर सारून कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, ‘म्हणजे चार मीटर पाणी जमिनीतून वर ढगात गेले काय गं?’

खात्याची रीत म्हटले त्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण फाईल काय ठेवते आणि काय ठेवत नाही हे मला सर्वांत स्वच्छ तिथे दिसले. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्यांच्या इमारतीला आजही जुने लोक सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, पण पावसाच्या आकड्यांचे घर इथेच राहिले. त्यांनी देशभराच्या नोंदींवरून पाव-पाव अंशाच्या चौकटींचे एक जाळे तयार केले आहे, १९०१ पासूनचे, दररोजचे, आणि ते कोणालाही उतरवून घेता येते. एका वर्षाची एक फाईल, आणि तिच्या एका प्रकारात आकड्यांखेरीज काहीही नाही. मथळा नाही, नाव नाही, तारीख नाही, अक्षांश-रेखांश नाहीत. एका दिवसाचे आडवे १३५ आणि उभे १२९, म्हणजे १७,४१५ आकडे. प्रत्येक आकडा चार बाइटांचा, म्हणजे दिवसाला ६९,६६० बाइट. आणि असे दिवस एकामागोमाग एक. साध्या वर्षाची फाईल बरोबर २,५४,२५,९०० बाइटांची भरते आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६०. ते वर्ष लीप आहे की नाही, हे त्या फाईलला विचारण्याचा मार्ग एकच: तिचे वजन करायचे.

नव्याने कामाला लागलेल्या एका मुलाने ती उघडताना १३५ आणि १२९ यांची अदलाबदल केली होती. फाईल विनातक्रार उघडली. उघडणारच, कारण गुणाकार तोच. आकड्यांची सरासरी बरोबर आली, कमाल आणि किमान बरोबर आले. नकाशा काढला तेव्हा भारताच्या जागी चटईच्या विणीसारखे तिरके पट्टे उमटले, कारण प्रत्येक ओळ सहा-सहा घरे घसरत गेली होती. त्या मुलाचे दोन दिवस गेले. मला तो नकाशा इतका आवडला की मी त्याची प्रत माझ्या टेबलासमोर लावून ठेवली आहे. फाईलचा एकही बाइट चुकलेला नव्हता, आणि तरीही त्यात भारत नव्हता. १३५ हा आकडा शेजारच्या माहितीपत्रकात होता, आणि माहितीपत्रक वेगळ्या फोल्डरमध्ये.

याच जाळ्याचा दुसरा प्रकार नेटसीडीएफ नावाच्या घडणीत मिळतो, आणि त्या फाईलला मात्र सगळे विचारता येते. रेखांश कुठून कुठवर, एकक कोणते, नोंद नसल्याची खूण कोणती, हे आकड्यांबरोबर त्याच फाईलमध्ये असते, आणि उघडणारा प्रोग्राम ते वाचून उणे ९९९ च्या जागी आपणहून कोरी जागा ठेवतो. पहिल्या प्रकाराला मी गाठोडे म्हणते आणि दुसऱ्याला यादीसकट गाठोडे. यादी असूनही एक गोष्ट बहुधा निसटते, ती म्हणजे साडेआठ. खात्याची आणि अण्णांची दोघांचीही मोजण्याची वेळ सकाळी साडेआठची, म्हणजे १२ तारखेपुढे लिहिलेला पाऊस मुख्यतः ११ तारखेला पडलेला असतो. हे ठाऊक नसलेला माणूस त्या आकड्यांची तुलना मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या उपग्रहाच्या आकड्यांशी करतो आणि दोन्हींत मेळ नाही म्हणून कुणाला तरी दोष देतो.

नंतर काही वर्षे मी लोणच्याच्या नादी लागले. पायथनमध्ये कुठलीही वस्तू, रकाने, याद्या, स्वतः घडवलेली रचना, सगळे जसेच्या तसे फाईलमध्ये मुरवून ठेवण्याची सोय आहे आणि तिचे नावच पिकल. अण्णांच्या नोंदीसाठी मी एक स्वतंत्र रचना लिहिली होती, तिच्यात आकडा, खूण, कंस, शेरा असे सगळे मावत होते, आणि एका ओळीच्या आज्ञेने ते सर्व बरणीत जाई व एका ओळीत बाहेर येई. काहीही हरवत नव्हते. वाटले, झाले काम. पण आपल्याकडे लोणच्याच्या बरणीत लोणचे असते. या बरणीत लोणच्याबरोबर एक चिठ्ठी असते, की ‘ही फोड कोणत्या पाककृतीने कापली ते अमुक वहीच्या तमुक पानावर पाहा’. पाककृती स्वतः बरणीत नसते. दोन वर्षांनी मी माझा प्रोग्राम आवरताना त्या रचनेचे नाव बदलले आणि ती दुसऱ्या फाईलमध्ये हलवली, तेव्हा जुनी बरणी उघडेना. तिला जुन्या पानावरची पाककृतीच हवी होती. शिवाय अशी फाईल उघडणे म्हणजे तिच्यातल्या सूचना निमूटपणे पार पाडणे असते, आणि त्या सूचना काहीही करू शकतात. अनोळखी माणसाकडून आलेले पिकल कधीही उघडू नये, असा इशारा पायथनच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत ठळकपणे दिलेला आहे. आपल्या घरची बरणी आपल्याच घरी, त्याच हंगामात, यापलीकडे तिचा उपयोग करू नये असे माझे मत झाले आहे. संगणकात रात्रभर चाललेली आकडेमोड सकाळी पुढे न्यायची असेल तर तिच्यासारखी सोय नाही, हेही खरे.

आर या भाषेत काम करणारी एक मैत्रीण तेव्हा मला हसत असे, पण तिच्याकडेही एक खड्डा होताच. आरमध्ये ‘सेव्ह’ने ठेवलेली फाईल ‘लोड’ने उघडली की आतल्या वस्तू आपापली जुनी नावे घेऊनच बाहेर येतात, आणि त्या नावाचे तुमच्याकडे आधीच काही असेल तर त्याच्यावर, न विचारता, येऊन बसतात. तिची फाईल मी उघडली. तिच्यातल्या तक्त्याचे नाव होते ‘पाऊस’, माझ्याही होते ‘पाऊस’. सकाळपासून दुरुस्त केलेला माझा तक्ता एका क्षणात तिच्या भोरच्या पावसाखाली गेला. पाहुणा आला, आणि येताना दारावरची पाटीही बदलून बसला. त्याच भाषेत ‘सेव्हआरडीएस’ आणि ‘रीडआरडीएस’ अशी दुसरी जोडी आहे. ती एकच वस्तू ठेवते आणि उघडताना नाव तुम्हाला द्यायला लावते. तेव्हापासून आम्ही दोघी तीच वापरतो.

आणि एक गुरुवार. पुण्यात गुरुवार हा पाण्याचा आणि विजेचा, दोन्हींचा भरवशाचा वार नाही, हे बालपणापासून माहीत असूनही मी एका गुरुवारी दुपारी सगळ्या वर्षांची एकत्रित फाईल ठेवायची आज्ञा दिली आणि वीज गेली. परत आली तेव्हा फाईल होती, नाव होते, आत काहीच नव्हते. लिहिण्यासाठी फाईल उघडली की पहिल्या क्षणी तिच्यातले जुने सारे पुसले जाते आणि मग नवे लिहायला सुरुवात होते. मी त्या दोन क्षणांच्या मधल्या फटीत सापडले होते. जुनेही गेले, नवेही आले नाही. आता माझा प्रोग्राम शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण फाईल लिहितो, ती तबकडीवर खरोखर उतरल्याची खात्री करतो आणि मगच तिचे नाव बदलून जुनीच्या जागी बसवतो. नाव बदलण्याची क्रिया होते तर पूर्ण होते, नाही तर होतच नाही. घरात नवा हंडा भरून झाल्याशिवाय जुना उपडा करू नये, हे आईने दर बुधवारी रात्री सांगितलेले मला फायलींच्या बाबतीत चाळिशीत समजले.

कंसाचा प्रश्न सुटला तो जेसन नावाच्या फाईलच्या घडणीमुळे. सीएसव्हीत प्रत्येक ओळ सारख्याच रकान्यांची असावी लागते, त्यामुळे तीन तारखांना मिळून एक आकडा ही गोष्ट तिच्यात बसवताना कुठल्या तरी ओळीवर अन्याय होतो. जेसनमध्ये एका नोंदीच्या पोटात यादी ठेवता येते. अण्णांचा महिरपी कंस अखेर महिरपी कंसातच जाऊन बसला, याचा मला अजूनही आनंद होतो. मात्र पायथनने ती फाईल लिहिली आणि मी ती साध्या संपादकात उघडली तेव्हा सगळे शेरे नाहीसे झालेले दिसले. ‘पुणे’ या शब्दाच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि ०९२ए, पुन्हा तिरकी रेघ, यू आणि ०९४१, मग ०९२३, मग ०९४७. प, उकार, ण, मात्रा. पायथन रोमनखेरीज प्रत्येक अक्षराचे, मुद्दाम मना केले नाही तर, असे सहा-सहा चिन्हांत रूपांतर करतो. माहिती हरवत नाही, उघडल्यावर पुन्हा ‘पुणे’च येते, पण फाईल माणसाला वाचता येत नाही, आणि डोळ्यांनी वाचता यावी म्हणूनच तर मी जेसन निवडले होते. एक लहानशी सूचना दिली की ते थांबते. शिवाय कोऱ्या आकड्यासाठी पायथन त्या फाईलमध्ये जी खूण लिहितो ती जेसनच्या प्रमाण नियमांत बसतच नाही; पायथनला स्वतःला ती वाचता येते आणि दुसरा काटेकोर प्रोग्राम तिथेच अडतो. रेघेने इथेही छळले.

मराठी अक्षरांचे आणखी एक. केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. अशी सीएसव्ही मी भावाला पाठवली आणि त्याने ती एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली. एक्सेलने ती जुन्या पाश्चात्त्य अक्षरसंचाने वाचली, आणि ‘पुणे’ या एका शब्दात त्याला दोन येन, एक पौंड आणि दोन कुठल्याच देशाची नसलेली चलनचिन्हे दिसली. त्याने फोन करून विचारले, ‘अण्णा पाऊस मोजत होते की हुंड्या?’ फाईलच्या आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण घातली की एक्सेल शुद्धीवर येते. तशीच एक खोडी ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांतल्या अर्ध्या ‘र’ची. खडकवासल्याच्या पुढच्या ‘गोऱ्हे बुद्रुक’ या गावाच्या नावातले ते अक्षर युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येते. एकात त्यासाठी वेगळाच ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कामाच्या ठिकाणी एका तक्त्यात पहिले होते, दुसऱ्यात दुसरे, आणि दोन्ही तक्ते जोडल्यावर गोऱ्ह्याचा पाऊस नाहीसा झाला. मला मान्य करावेच लागेल की पहिला अर्धा तास मी गावाच्या नावाकडे नुसती पाहत होते.

अण्णा २०१४ च्या वैशाखात गेले. त्यानंतर वह्या पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहताना १९९३ च्या वहीत मला एक पाचवी खूण सापडली: लहानसे वर्तुळ आणि मध्ये टिंब, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सहा ठिकाणी. शेरा कोरा. धुके असावे, दव असावे, कदाचित मोजायला उशीर झाला असावा. आईलाही सांगता आले नाही. मी तिचे शून्य केले नाही, रेघही केली नाही.

गेल्या वर्षी जी मांडणी पक्की झाली ती दिसायला अगदी सामान्य आहे. एक सीएसव्ही, तारीख वर्षापासून सुरू होणारी, दिवसाला एक ओळ, ९,४९७ ओळी. आकड्याचा रकाना फक्त आकड्यांचा, आणि जिथे आकडा नाही तिथे रिकामा. त्याच्या शेजारी ‘खूण’ नावाचा रकाना, त्यात मोजला, थेंब, रेघ, कंसात, कंसाची बेरीज आणि वर्तुळ यांपैकी एक शब्द. मग शेरा, अण्णांच्या शुद्धलेखनासह. बरोबर एक लहान मजकूर-फाईल, तिच्यात एकक, साडेआठची वेळ, प्रत्येक खुणेचा अर्थ, आणि वर्तुळापुढे ‘अर्थ ठाऊक नाही’. रोजच्या कामासाठी याचीच पार्के नावाच्या घडणीतली प्रत आहे, जी रकान्यांचे प्रकार स्वतःपाशी बाळगते आणि क्षणात उघडते. पण ती सीएसव्हीवरून केव्हाही नव्याने करता येते, उलट नाही. ठेवून झाले की माझा प्रोग्राम तीच फाईल कोऱ्या वातावरणात पुन्हा उघडतो, ओळी मोजतो, प्रत्येक खूण किती वेळा आली ते मोजतो आणि महिन्यांच्या बेरजा वहीच्या तळाशी दोन रेघांवर लिहिलेल्या बेरजांशी ताडतो. त्या बेरजांत दोन ठिकाणी अण्णांची चूक निघाली. दोन्ही मी तशाच ठेवल्या आणि टिपेत लिहिले.

मग ही फाईल मी भाचीला पाठवली. ती संख्याशास्त्र शिकते, पायथनला हात लावत नाही, तिचे यंत्र निराळे, भाषा आर, आणि या वह्या तिने कधी उघडलेल्या नाहीत. काहीही न सांगता पाठवली, कारण तीच परीक्षा होती. रात्री तिचा फोन आला.

‘मावशी, २००१ च्या जुलैत पाच दिवस रेघ आहे. शेऱ्यात “नाशिक, बारसे”. हे दादाचं ना?’

दादाचेच. वहिनीचे माहेर नाशिकचे.

‘म्हणजे दादाच्या बारशासाठी आजोबांनी पाच दिवस पाऊस सोडला. आणि माझ्या?’

तिची आई बाळंतपणाला माहेरी आली होती, बारसे इथेच, कोथरूडच्या घरी झाले. मी म्हटले, तुझ्याकडेच फाईल आहे, तूच बघ. कळफलकाचा आवाज आला, मग ती मोठ्याने वाचू लागली: ‘२००३, ०७, २७. सहा पूर्णांक दोन. खूण: मोजला. शेरा: “घरी पाहुणे. ९.१० ला मोजला.”’